ताणाला लावलेला दोर

२ मार्च

आज संस्थेच्या सभेस गेलो होतो. सभा संपल्यावर प्रत्येकास ही दैनंदिनी भेट देण्यात आली. कागद जाड आहे, रेघा सरळ आहेत, म्हणून वापरण्यास हरकत नाही. मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी छापले आहे : "आज आपण वानरांसाठी काय केले?" परिचय नसलेल्या माणसाने रोज असा जाब विचारणे मला शिष्टाचारास धरून वाटत नाही. तथापि छापील प्रश्न कोरा सोडण्याची मला सवय नाही. शाळेत असताना मी एकही प्रश्न सोडला नव्हता.

मी इयत्ता चौथी उत्तीर्ण आहे. त्या काळची चौथी. आजच्या पदवीधरास 'आशीर्वाद' लिहावयास सांगावे आणि ऱ्हस्वदीर्घाची काय दशा होते ती पाहावी. मी आजवर अशुद्ध लिहिले नाही आणि खोटे लिहिले नाही. या दोन गोष्टी मी एकच मानतो. पुढे इतरांचे बोलणे जसेच्या तसे लिहीन. त्यातील अशुद्धाची जबाबदारी बोलणाऱ्याची राहील.

सभेचा विषय वानरे. डोंगराच्या रानातील कळप पाणी पिण्यास रोज जुन्या खाणीतील तळ्यावर येतो आणि परत जातो. मध्ये आता नवा रस्ता झाला आहे. हिवाळ्यापासून चार वानरे वाहनांखाली सापडून मेली. उन्हाळा वाढेल तसतशा फेऱ्या वाढतील, म्हणून संस्था रस्त्यावरून दोरांचा पूल टांगणार आहे. संस्थेच्या बाई चांगल्या घरच्या, बोलण्यात मृदू. त्यांनी पडद्यावर चित्र दाखविले. निळा, गुळगुळीत नायलॉनचा पूल, वळणावरच्या मोकळ्या जागेत, एका बाजूस लोखंडी खांब.

मी पंचावन्न वर्षे दोरखंड वळतो. उभे राहून सांगितले की नायलॉनवर पकड बसत नाही, ते उन्हात तापते, लोखंडी खांब त्याहून तापतो, आणि मुख्य म्हणजे कळप वळणावरून जात नाही, माझ्या अंगणामागून जातो.

बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमची सूचना नोंदवून घेतली हं."

सभा संपल्यावर त्यांची वही टेबलावर उघडी होती. माझ्या सूचनेपुढे लिहिले होते : "आजोबा, किती गोड." मी साखरेविषयी काहीही बोललो नव्हतो.

आज वानरांसाठी काय केले : सभा.

५ मार्च

रस्त्याविषयी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोटाळा नको.

दोर वळण्यास लांबी लागते. माझ्या घरामागे दोनशे पावलांची सरळ पट्टी होती. या टोकास चाक, त्या टोकास जुने मोठे झाड. रस्त्याने ती पट्टी मधोमध कापली. चाक अलीकडे राहिले, झाड पलीकडे. रस्त्याच्या साहेबांनी त्या वेळी सांगितले होते, "दोन्हीकडं जागा शिल्लक आहेच की तुमची." खरे आहे. दोन्हीकडे आहे. मध्ये नाही.

वळणे अर्ध्या लांबीतही कसेबसे होते. ताण मात्र होत नाही. नव्या दोरात एक लबाडी असते. तो जेवढा दिसतो तेवढा नसतो. दोन टोकांना बांधून ताणाला लावला की वाढतो, सैल पडतो, पुन्हा ओढून बांधावा लागतो. असे करता करता तो वाढावयाचा थांबतो. त्याला आम्ही 'ताण निघाला' असे म्हणतो. ताण न काढता दोर गिऱ्हाइकाच्या हाती देणे ही फसवणूक आहे. म्हणून गेले वर्षभर मी मोठा दोर वळलेला नाही. गुरांची दावी वळतो.

वानरे माझे शत्रू आहेत, हेही येथे स्पष्ट करतो. काथ्याच्या जुड्या विस्कटतात. माझा चष्मा एकदा छपरावर नेऊन परत फेकला. त्यांतील एका मादीची शेपटी हिवाळ्यात मालमोटारीखाली सापडून अर्धी तुटली. तिला मी तुटकी म्हणतो, ते केवळ ओळख पटावी म्हणून. शेपटी अर्धी झाल्यामुळे तिचा तोल जातो आणि उडी तोकडी पडते. आता तिच्या पोटाशी पिल्लू आहे. मी हे मुद्दाम पाहिलेले नाही. ती माझ्या खिडकीसमोर बसते, त्यास मी काय करणार?

आज वानरांसाठी काय केले : तीन वेळा हाकलली.

१४ मार्च

वळणावरील पुलाचे उद्घाटन झाले. जागा वळणावरच का निवडली याचा उलगडा झाला. तेथे मांडव बसतो आणि मोटारी लावता येतात.

फीत रस्त्याच्या साहेबांच्या हस्ते कापण्यात आली. वानरांच्या वाटेत रस्ता घालणाऱ्यानेच वानरांच्या वाटेची फीत कापावी, याबद्दल उपस्थितांपैकी कोणास काही वाटलेले दिसले नाही. साहेबांनी भाषणात 'सहजीवन' हा शब्द अकरा वेळा उच्चारला. वानर एकही उपस्थित नव्हते.

खांबावर पाटी लावली आहे : "वानर पुल. फक्त वानरांसाठी." 'पुल' ऱ्हस्व. मी ते लगेच बाईंच्या निदर्शनास आणले.

"आजोबा, वानरांना थोडंच कळणार आहे?"

"मला कळते," मी म्हणालो.

त्या हसल्या. बहुधा पुन्हा वहीत गोड लिहिले असावे.

२३ मार्च

पुलावर एक कॅमेरा बसविला आहे. हालचाल झाली की आपोआप छायाचित्र निघते. आज नऊ दिवसांचा अहवाल वाचून दाखविण्यात आला. कावळे पुष्कळ. वळणावरच्या चहावाल्याची चादर एकदा, कारण त्याने ती वाळत घातली होती. वानर शून्य.

अहवालात वानर हा शब्दच नाही. 'लाभार्थी' असे लिहिले आहे. प्रथम मला वाटले की हे आपल्यापैकी कोणाविषयी आहे. मग वाक्य आले : "लाभार्थी अनुपस्थित." नंतर : "लाभार्थ्यांमध्ये पुलाविषयी पुरेशी जागृती नाही." मी कोश काढून पाहिला. लाभार्थी म्हणजे ज्यास लाभ होतो तो. लाभ झालेला नाही, म्हणजे ती लाभार्थी नव्हेत. व्याकरण सोडा, हा साधा अर्थ आहे. पण सभेत पुन्हा उभा राहिलो नाही. एकाच महिन्यात तिसऱ्यांदा गोड होण्याची माझी तयारी नाही.

जागृतीसाठी पुलाला केळी बांधावयाची, असा ठराव झाला. सर्वानुमते.

२६ मार्च

केळ्यांचा परिणाम झाला. माणसे जागृत झाली. मोटारी वळणावर थांबतात, लोक काचा खाली करून बिस्किटे टाकतात, मुलांना दाखवितात. केळी वर पुलाला आणि बिस्किटे खाली रस्त्यावर. मग तापलेला खांब कोण चढेल? कळप डोंगरातून थेट रस्त्यावर उतरू लागला आहे. पूर्वी ती धावत ओलांडीत, आता बसतात.

चहावाल्याचा धंदा वाढला आहे. तो मला मास्तर म्हणतो. मी कधी शिकविलेले नाही, पण माणसाची योग्यता ओळखणारे लोक अजून आहेत.

२७ मार्च

सकाळी वळणावर कळपातले वर्षाचे एक पोर मोटारीखाली गेले. मोटार थांबली नाही. त्याच्या हातात बिस्किटाचा कागद होता.

कळप दुपारपर्यंत झाडावर ओरडत होता. दुपारी मी पोते आणि फावडे घेऊन गेलो. रस्ता घाण ठेवणे बरे नव्हे, म्हणून. खड्डा थोडा खोल खणला, कारण माती भुसभुशीत होती.

खांबाला टांगलेल्या संस्थेच्या नोंदवहीत आजचे पान पाहिले. "लाभार्थी अनुपस्थित."

प्रश्नाचे उत्तर आज लिहीत नाही.

२८ मार्च

काथ्या भिजत घातला.

आमचे कुटुंब माझ्याशी लग्न होऊन एकावन्न वर्षे वाद घालीत आहे आणि अजून थकलेले नाही. तिने विचारले, "एवढा काथ्या कशाला? दाव्यांना?"

"मोठ्या दोराला. नावाड्याची मागणी आहे."

"कुठल्या नावाड्याची?"

"खालच्या गावच्या घाटावरच्या."

"अहो, तो गेला की. तीन वर्षं झाली. तुम्हीच पोचवायला गेला होतात."

"मागणी रद्द झाल्याचे त्याने कळविलेले नाही."

तिने काथ्याची एक जुडी पुढे ओढली. नंतर म्हणाली, "दोरीचा पीळ उलटा फिरवला की सुटतो. तुमच्या बाबतीत मी कुठल्या बाजूनं फिरवू ते एकदा सांगा." आणि काथ्या पिंजावयास बसली. तिचे बोट अजून माझ्याहून साफ चालते. हे मी तिला सांगितलेले नाही.

२ एप्रिल

दोर तयार झाला. मनगटाएवढा, तीन पेडांचा. दर हातावर एक गाठ दिली.

"ताणाच्या दोराला गाठी कधीपासून मारायला लागलात?" कुटुंबाने विचारले.

मी शेवटची गाठ आवळली. धंद्यातील सर्व बारकावे तिला ठाऊक असण्याची गरज नाही.

३ एप्रिल

आज दोर ताणाला लावला. पूर्वी जमिनीलगत लावीत असू. आता मध्ये रस्ता असल्यामुळे उंच लावणे भाग पडले. अलीकडे माझ्या अंगणातील झाड, पलीकडे ते जुने मोठे झाड. मालमोटारीच्या टपावर माणूस उभा राहिला तरी डोके लागणार नाही, इतकी उंची ठेविली. माझे वय पाहता वर चहावाला चढला. चढताना बोलत होता.

"मास्तर, हा दोर गाडीला अडकला तर कोण निस्तरणार?"

"अडकणार नाही. मोजले आहे."

"आणि हा दुसरा बारीक दोर कशाला? एक वर, एक खाली?"

"एकटा दोर वाऱ्याने फिरतो. वरचा त्यास धरून ठेवतो."

"हां, म्हणजे धरायला आहे," तो म्हणाला. "कुणाला धरायला, ते मी विचारत नाही."

खाली उतरून त्याने विड्यांचे बंडल काढले आणि पुन्हा खिशात ठेवले. काथ्याजवळ विडी ओढू नये, हे मी त्याला दहा वर्षांपूर्वी सांगितले होते. लक्षात ठेवलेले दिसते.

आज वानरांसाठी काय केले : काही नाही. दिवस धंद्यात गेला.

५ एप्रिल

कळपातील मोठा नर काल संध्याकाळी दोरावर आला, मध्यापर्यंत गेला, एक गाठ चावून पाहिली आणि परत फिरला. मी खालून बजावले की दोर गिऱ्हाइकाचा आहे. आज सकाळी तो पलीकडे गेला. त्याच्यामागून सात.

तुटकी गेली नाही. ती अलीकडच्या फांदीवर बसून राहिली. कळप पाण्यावर पोचला तरी तिचे मन होईना. मग एक हात वरच्या दोरावर ठेवला आणि काढून घेतला. असे चार वेळा. पिल्लू पोटाशी. खालून बस गेली तेव्हा मी तिला काहीतरी बोललो. काय बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. शुद्ध होते, पण मोठ्याने होते. कुटुंब बाहेर येऊन उभे राहिले.

पाचव्या वेळी तिने वरचा दोर धरला तो सोडलाच नाही. एकेक गाठीवर पाय देत गेली. मध्ये एकदा मागचा पाय निसटला, तेव्हा माझ्या हातातला पेला पडला. पेला जुना होता.

पलीकडे पोचल्यावर तिने मागे वळूनही पाहिले नाही. कृतघ्न जात.

कुटुंब म्हणाले, "वरचा दोर वाऱ्यासाठी, नाही का?"

आज वारा नव्हता, हे माझ्याही लक्षात आले होते.

९ एप्रिल

बाई आल्या, कॅमेरा घेऊनच. बातमी चहावाल्याकडून गेली. त्याच्या पोटात उकळते पाणीही राहत नाही. बाईंनी अर्धा तास छायाचित्रे काढली. एकोणतीस वानरे दोरावरून गेली. बाईंचे डोळे भरून आले. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे काही वेडेवाकडे झाले तर ते विसरले जाईल.

"आजोबा, हे तुम्ही केलंत?"

"दोर ताणाला लावला आहे."

"म्हणजे?"

मी ताण म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितले. या वेळी त्यांनी वही काढली नाही, म्हणून मी सविस्तर सांगितले.

१२ एप्रिल

छायाचित्रे सर्वत्र गेली, तशी साहेबांकडेही गेली. ते स्वतः आले. हातात नोटीस. सार्वजनिक रस्त्यावर खासगी दोर बांधणे हा गुन्हा आहे, सोमवारी माणसे येऊन कापून नेतील.

मी म्हणालो, "साहेब, नोटिशीत 'अतिक्रमण' असे लिहिले आहे. अतिक्रमण रस्त्याने माझ्या पट्टीवर केले. माझा दोर फक्त वरून जातो."

"काका, नियम सगळ्यांना सारखा."

"वळणावरचा पूलही वरूनच जातो."

"त्याला परवानगी आहे. एका पुलाची परवानगी, एक पूल. तुमच्या दोराला कुठाय?"

"तो पूल नव्हे. ताणाला लावलेला दोर आहे."

"मग ताणून झाला की काढा. कधी होणार?"

मी वर दोराकडे पाहिले. खरे सांगावयाचे तर ताण परवाच निघाला आहे. दोर एक बोटही वाढत नाही.

"अजून अवकाश आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी आज बोललो. लिहिले नव्हते. आता लिहिले.

१५ एप्रिल

बाई कागद घेऊन आल्या. त्यांनी तोडगा काढला आहे. परवानगी एका पुलाची आहे. वळणावरचा काढून टाकावयाचा आणि माझा दोर हाच तो पूल, फक्त जागा बदलली, असे कागदावर दाखवावयाचे. साहेबही तयार आहेत, कारण अहवालात एकोणतीस लाभार्थी येतील आणि फीत त्यांनीच कापलेली आहे.

"फक्त तुमची एक सही," बाई म्हणाल्या.

कागदावर लिहिले होते : "सदर दोर पुल हा संस्थेच्या आराखड्यानूसार व मार्गदर्शना खाली बांधला असून मी त्यावर कुशल मजुर म्हणून काम केले आहे."

मी कागद परत दिला. तुमचा आराखडा वळणावर कावळ्यांच्या उपयोगास आला, असे सांगितले. पंचावन्न वर्षे मी कोणाच्या मार्गदर्शनाखाली दोर वळला नाही, खोट्या वाक्याखाली माझे नाव जाणार नाही, हेही सांगितले.

बाईंनी कागद ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "आजोबा, मला कळतंय हे खोटं आहे. मला दुसरं काही सुचलं नाही. सोमवार परवाच आहे."

त्या गेल्या तेव्हा कागद ओट्यावरच होता.

१६ एप्रिल

दुपारी ऊन फार होते. तुटकी पाण्यावरून परत येताना मधल्या गाठीवर थांबली. खालून मालमोटारी जात होत्या, एकामागून एक. पिल्लाने पोट सोडले, आणि स्वतःच्या हाताने वरचा दोर धरून पाहिला. अगदी थोडा वेळ. मग पुन्हा पोटाशी गेले.

मी आत जाऊन चष्मा घेतला.

'पुल' चा 'पूल' केला. 'आराखड्यानूसार' मधील 'नू' ऱ्हस्व केला. 'मार्गदर्शना खाली' जोडून लिहिले. 'मजुर' दीर्घ केला. 'मजूर' खोडून 'कारागीर' लिहावे असे मनात आले होते, पण कागद त्यांचा होता. मग सही केली, पूर्ण नावाने, शेवटी टिंब देऊन.

कुटुंब ओट्यावर डाळ निवडीत होते. "खोटं लिहिलंत?" तिने विचारले.

"शुद्ध लिहिले," मी म्हणालो.

तिने पुढे काही विचारले नाही. एकावन्न वर्षांत प्रथमच. मला ते वादापेक्षा जड गेले.

२१ एप्रिल

वळणावरचा पूल उतरविला. खांब तसाच आहे, तो काढण्यासाठी वेगळी परवानगी लागते म्हणे. पाटी आमच्या झाडावर आली. खाली संस्थेचे नाव, साहेबांचे नाव, उद्घाटनाची जुनी तारीख. कारागीर कोण, हे लिहिण्यास जागा उरलेली नाही. मात्र 'पूल' दीर्घ आहे. बाईंनी मुद्दाम रंगाऱ्याकडून करून घेतला आणि मला दाखविण्यासाठी थांबून राहिल्या. मी 'ठीक आहे' म्हणालो.

त्या विचारीत होत्या की अहवालासाठी माझा एखादा अनुभव मिळेल का. मी सांगितले की कुशल मजुरास अनुभव नसतो.

चहावाल्याने पाटीवरील "फक्त वानरांसाठी" वाचले आणि म्हणाला, "मास्तर, म्हणजे आता तुम्ही चढायचं नाही."

संध्याकाळी कळप परतला. सगळी मोजून एकोणतीस. पिल्लू धरून तीस, पण ते अजून पोटाशी आहे, म्हणून वेगळे मोजत नाही. सगळी गेल्यावर कुटुंबाने वर पाहत विचारले, "काय हो, ताण निघाला का?"

"नाही," मी म्हणालो. "अजून पुष्कळ आहे."

"बरं," ती म्हणाली. "मग पावसाळ्याआधी एक जादा दोर वळून ठेवू. पावसात भिजून भिजून हा कमजोर होईल. काथ्या मी पिंजते."

आज आपण वानरांसाठी काय केले? काहीही नाही. दोर नावाड्याचा आहे. त्याने मागितला की लगेच काढून देईन.